डबाबंद हसू

शुक्रवार, १९ सप्टेंबर १९७५. रात्रीचे पावणेनऊ झालेत. उत्तर लंडनमधल्या एका जुन्या विटांच्या घरात, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत तुम्ही उभे आहात आणि खिशात दहा पेन्सची तीन नाणी उरली आहेत. खोलीत मीटर दोन. एक गॅसच्या शेगडीचा, दुसरा टीव्हीच्या पाठीला बसवलेला. एकात नाणं टाकलं की ऊब मिळते, दुसऱ्यात टाकलं की चित्र. तुम्ही टीव्हीत नाणं टाकता आणि आईनं बांधून दिलेली सोलापुरी चादर अंगाभोवती गुंडाळून पलंगावर बसता.

पडदा उजळायला वेळ लागतो. आधी आवाज येतो, मग करड्या धुक्यातून माणसं. वाहिन्या मोजून तीन: बीबीसी वन, बीबीसी टू आणि आयटीव्ही. आयटीव्हीवर जाहिराती असतात, बीबीसीवर नसतात, कारण बीबीसीचा खर्च परवान्यातून निघतो. काळ्यापांढऱ्या संचाला वर्षाला ८ पौंड, रंगीत संचाला १८. हे आकडे घरमालकीणबाईंनी तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवले आणि वर विचारलं, तुमच्याकडे असला परवाना असतो का? असतो की. दरवर्षी पोस्टाच्या रांगेत उभं राहून रेडिओचा परवाना भरणारे वडील तुम्हाला आठवले.

पेटीत कपड्यांखाली 'अपूर्वाई' आहे. पु. ल. देशपांडे बीबीसीत टेलिव्हिजनचं तंत्र शिकायला याच शहरात आले होते. त्यामुळे इथला विनोद कसा असणार याबद्दल तुमच्या मनात एक नीटनेटकं चित्र आहे: छत्री, चहा, जिभेच्या टोकावरचा सौम्य चावटपणा. नऊ वाजता बीबीसी टूवर 'फॉल्टी टॉवर्स' ही नवी मालिका सुरू होते आणि ते चित्र मोडून पडतं.

टॉर्की नावाच्या समुद्रकाठच्या गावातलं हॉटेल. (पडद्यावर दिसणारी इमारत टॉर्कीच्या आसपासही नाही, ती बकिंगहॅमशरमध्ये आहे, पण तुम्हाला ते आज कसं कळणार?) मालक बेसिल फॉल्टी, ताडमाड उंच, गिऱ्हाईक म्हणजे पाठीशी लागलेली पीडा असं मानणारा. एक भामटा स्वतःला लॉर्ड म्हणवत दारात येतो आणि हाच ताठ माणूस क्षणात त्याचं पायपुसणं होतो. लॉर्डसाहेबांना खिडकीजवळचं टेबल हवं म्हणून जेवायला बसलेल्या कुटुंबाला उठवतो. भांडं फुटल्यावर खऱ्याखुऱ्या खानदानी पाहुण्यांसमोर असा थयथयाट करतो की तेच आल्या पावली निघून जातात. खेळ संपतो तेव्हा बेसिल सुरुवातीपेक्षा वाईट अवस्थेत असतो, आणि शिकलेला काहीही नसतो.

बबन प्रभूंचे फार्स पाहून पोट धरून हसलेल्या तुम्हाला आपटणारी दारं आणि एका थापेवर दुसरी थाप हे सगळं ओळखीचं आहे. अनोळखी आहे तो शेवट. आपल्याकडे गोंधळ निस्तरतो, गैरसमज मिटतात, पडदा पडताना मंडळी हसतमुखानं ओळीत उभी राहतात. इथं कुणी कुणाला माफ करत नाही. आणि बार्सेलोनाहून आलेला तो वेटर, मॅन्युएल! त्याला इंग्रजी कळत नाही आणि त्यापायी तो मार खातो. तुम्ही त्याला हसता, आणि हसता हसता कानशिलं तापतात. मागच्या आठवड्यात बसच्या कंडक्टरनं तुमचं साधं वाक्य तुम्हाला तीनदा बोलायला लावलं होतं. पुढच्या भागांत तुमच्या लक्षात येईल की मार मॅन्युएल खात असला तरी मूर्ख बेसिलच ठरतो. ती समजूत आज रात्री उपयोगाची नाही.

सहा आठवडे तुम्ही शुक्रवारसाठी नाणं राखून ठेवता. सातव्या शुक्रवारी मालिका नाही. आठव्यालाही नाही. बाईंना विचारता, तर त्या म्हणतात, 'संपली की! सहाच होते.' जणू सहा हा मालिकेचा नैसर्गिक आकडा आहे. पुढचे सहा भाग १९७९मध्ये येतील आणि त्यातला शेवटचा भाग बीबीसीतल्या संपामुळे आणखी लांबेल. एकूण बारा. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी दोघांत बसून एकेक संहिता घासूनपुसून लिहिली. बूथ अमेरिकन होती, हे मात्र 'अस्सल ब्रिटिश विनोद' म्हणून या मालिकेचे गोडवे गाणारे बहुतेक जण सांगायचे विसरतात.

याच खोलीत आणखी एक संध्याकाळ. बीबीसी टूवरच, पण कार्यक्रम अमेरिकेहून आलेला: 'मॅश'. कोरियाच्या युद्धातलं फिरतं लष्करी रुग्णालय. हेलिकॉप्टर उतरतं, जखमींचे स्ट्रेचर धावत आत नेले जातात. हॉकाय नावाचा डॉक्टर काहीतरी तिरकस बोलतो. नंतर दोनतीन क्षण कुणीच काही बोलत नाही. तंबूचं कापड हलतं. हॉकाय पुन्हा बोलतो, पुन्हा तीच पोकळी. आज बाईही वर तुमच्या खोलीत आल्या आहेत, कारण त्यांचा संच बिघडलाय. त्या चहाचा कप मांडीवर धरून बघत राहतात आणि म्हणतात, 'फार उदास कार्यक्रम आहे हो हा.' तुम्हालाही तसंच वाटतं. ही माणसं दमली आहेत, म्हणून विनोद करतात, आणि विनोद केल्यावर हसायचंही त्राण उरलेलं नाही.

आता त्याच दशकात, पण लॉस एंजेलिसमध्ये या. नाणं लागत नाही. टीव्ही फुकट आहे. पैसे साबणवाले, मोटारवाले आणि डोकेदुखीच्या गोळ्या विकणारे भरतात. सीबीएस वाहिनीवर 'मॅश' लागलंय. तेच हेलिकॉप्टर, तेच स्ट्रेचर, तीच ओळ. आणि ओळ संपताक्षणी शंभरेक माणसं खदखदून हसतात.

तुम्ही दचकता. कोण हसलं? तंबूत तर तिघेच होते.

त्या पोकळ्या हसण्यासाठी सोडलेल्या होत्या. दादरच्या शिवाजी मंदिरात नट ओळ टाकतो आणि थांबतो, 'लाफ्टर घेतो', तशा. फरक इतकाच की समोर कुणी बसलेलं नव्हतं. ही मालिका सिनेमासारखी फिल्मवर चित्रित झाली, आणि हसू मागाहून चिकटवलं गेलं. बीबीसीनं ते चिकटवलेलं हसू काढून मालिका दाखवली.

असलं हसू पुरवणाऱ्या माणसाचं नाव चार्ली डग्लस. सीबीएसमधला ध्वनितंत्रज्ञ. १९५०च्या दशकात त्यानं एक पेटी बनवली: आत टेपांची वेटोळी, वर टाइपरायटरसारख्या कळा, खाली पायटा. एक कळ दाबली की खुदकन हसणारी बाई, दुसरी दाबली की गडगडाट, पायटा सोडला की हसू हळूहळू विरणार. पेटीला कुलूप असे आणि ती कशी चालते हे डग्लस बाहेरच्यांना दाखवत नसे. वर्षानुवर्षं तीच हसणी पुन्हा पुन्हा वापरली गेली. म्हणजे एखाद्या बाईनं तरुणपणी कधीतरी एका संध्याकाळी हसून घेतलं आणि पुढं तिला अजिबात ठाऊक नसलेल्या विनोदांवर ती हसतच राहिली. मला ही कल्पना गमतीदार वाटते आणि थोडी भयंकरही.

पण म्हणून 'ब्रिटिशांना शांतता आवडते, अमेरिकनांना गोंगाट' असं म्हणून मोकळे होऊ नका. 'फॉल्टी टॉवर्स'मध्येही हसू होतंच. ते स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांचं होतं. अमेरिकेतही 'आय लव्ह लूसी'नं १९५१पासून तीन कॅमेरे लावून जिवंत प्रेक्षकांसमोर विनोद केला होता. आणि 'मॅश'चा मूळ कर्ता लॅरी गेलबार्ट याला ते डबाबंद हसू मुळीच नको होतं. त्यानं आणि जीन रेनल्ड्सनं सीबीएसशी वाद घालून एवढं पदरात पाडून घेतलं की शस्त्रक्रियेच्या प्रसंगात हसू वाजणार नाही. रुग्ण टेबलावर असेपर्यंत प्रेक्षक गप्प. बाहेर आले की पुन्हा खदखद.

वाहिनीचा हट्ट आवडीनिवडीचा नव्हताच. दर आठवड्याला किती घरांत संच चालू होता हे नील्सनचे आकडे सांगत, आणि त्या आकड्यांवर जाहिरातीचा भाव ठरे. हसू नसलेली मालिका विनोदी आहे हे प्रेक्षकाला कळलंच नाही तर? तो उठून दुसरं काही लावेल ना. शिवाय चालणारी गोष्ट सहा भागांत आटोपायची म्हणजे दुभती म्हैस खाटकाला देण्यासारखं. कोरियाचं युद्ध तीन वर्षांत थांबलं. 'मॅश' अकरा वर्षं चाललं, २५६ भाग. लेखकांची फौज बसवून वर्षाला चोवीस-पंचवीस भाग काढायचे. शंभराच्या आसपास भाग झाले की ती मालिका गावोगावच्या छोट्या केंद्रांना रोज दाखवायला विकता येते, आणि खरा पैसा तिथं असतो.

संख्या वाढली की माणसं बदलतात. मंगळवार, १२ जानेवारी १९७१ला क्षणभर डोकावा. सीबीएसवर 'ऑल इन द फॅमिली'चा पहिला भाग लागतोय आणि सुरू होण्याआधी वाहिनीनं सावधगिरीची सूचना पडद्यावर लावली आहे. मूळ मालिका बीबीसीची, 'टिल डेथ अस डू पार्ट'. तिचा नायक अल्फ गार्नेट लंडनच्या पूर्व भागातला, तोंडाळ, वंशद्वेष्टा, बायकोला घालूनपाडून बोलणारा. अमेरिकेत त्याचा आर्ची बंकर झाला. आर्चीही द्वेष्टा आहे, पण त्याच्या डोळ्यांत कुठंतरी गोंधळलेलं पोर दिसतं. वर्षाला चोवीस वेळा जो माणूस तुमच्या बैठकीत येणार, तो निदान सोसवणारा तरी हवा. अल्फ चार दिवसांचा पाहुणा होता, आर्ची घरजावई. त्याची खुर्ची पुढं वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसली.

आता १९७४, जानेवारीतला रविवार, बॉस्टन. बाहेर बर्फ साचलंय. तुम्ही एका प्राध्यापकांकडे जेवायला आला आहात आणि जेवण घाईघाईनं उरकलं जातंय, कारण 'मास्टरपीस थिएटर'ची वेळ होतेय. घरात पुस्तकांनी भरलेल्या भिंती. टीव्ही कोपऱ्यात, जरा अपराध्यासारखा. 'आम्ही एरवी टीव्ही बघत नाही,' यजमानीणबाई सांगतात. हे वाक्य आज संध्याकाळीच तुम्ही दुसऱ्यांदा ऐकताय.

सार्वजनिक वाहिनी पीबीएस. तुतारीचे सूर, मग आरामखुर्चीत बसलेले ॲलिस्टर कुक, जन्मानं इंग्रज, नागरिकत्वानं अमेरिकन. आजच्या गोष्टीची पार्श्वभूमी ते अशा सुरात समजावतात की चूक काढायची कुणाची छाती होऊ नये. मग लंडनचं १६५, ईटन प्लेस हे घर. वरच्या मजल्यांवर बेलामी कुटुंब, तळघरात बटलर हडसन, स्वयंपाकीण मिसेस ब्रिजेस, मोलकरीण रोझ. 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स.' खोलीत कुणी बोलत नाही. मध्ये एकही जाहिरात नाही. शेवटी मोबिल या तेल कंपनीचं नाव येतं, देवळाच्या फरशीवर देणगीदाराचं कोरलेलं असतं तसं. प्राध्यापक सुस्कारा सोडून म्हणतात, 'आमच्याकडे असं बनत नाही. आमच्याकडे सगळा बाजार.'

तुम्ही मान हलवता. काय सांगणार? ही मालिका बीबीसीनं बनवलेली नाही. ती लंडन वीकएंड टेलिव्हिजनची, म्हणजे आयटीव्हीची, म्हणजे बाजाराचीच. लंडनमध्ये हडसन चांदीचं ताट घेऊन जिना चढू लागला की मध्येच जाहिराती येत. प्राध्यापकांच्या घरात जे वाङ्मय म्हणून बघितलं जातंय, ते तिकडं बायाबापड्यांचं रविवार रात्रीचं करमणुकीचं साधन होतं. त्यात वाईट काहीच नाही. मालिका उत्तमच आहे. मला हसू येतं ते 'सगळा बाजार' या शब्दांचं.

अशी फसगत एकाच बाजूची असती तर हा लेख इथंच संपला असता.

शनिवार, २२ नोव्हेंबर १९८०. पुन्हा तेच लंडन, तीच घरमालकीण. खालच्या बैठकीत आता रंगीत संच आलाय आणि शेजारचे धरून सात जण दाटीवाटीनं बसलेत. गेली दोन वर्षं बाई 'डलास'ला अमेरिकन कचरा म्हणतात आणि एकही भाग चुकवत नाहीत. सकाळी टेरी वोगन रेडिओवर या मालिकेची यथेच्छ टिंगल करतो; ती टिंगल कळावी म्हणून तरी भाग बघावा लागतो. मार्चमध्ये अमेरिकेत टेक्ससच्या तेलसम्राट जे. आर. युइंगवर कुणीतरी गोळ्या झाडल्या आणि मोसम संपला. उन्हाळ्यात हॉलिवुडमधल्या नटांनी संप केला, उत्तर आणखी लांबलं. इथल्या सट्टेवाल्यांनी संशयितांवर भाव लावले. तिकडं निवडणूक चालू होती, तर रिपब्लिकन प्रचारात 'गोळी डेमोक्रॅटनंच झाडली' अशा अर्थाचे बिल्ले वाटले गेले.

काल रात्री अमेरिकेला उत्तर मिळालं. आज तुमची पाळी. बैठकीत कुणी खोकलं तरी बाई वळून बघतात.

आणि आता नीट लक्ष द्या. दर दहाबारा मिनिटांनी कुणीतरी कुणाला काहीतरी भयंकर सांगतं, कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ जातो, संगीत चढतं, पडदा काळा होतो आणि लगेच, श्वासभरही उसंत न देता, पुढचा प्रसंग सुरू होतो. कोपऱ्यातले शेजारी विचारतात, 'हे मधूनमधून असं का होतं?' तुम्हाला ठाऊक आहे. त्या काळ्या फटीत अमेरिकेत मोटारी आणि शांपू विकले गेले. बीबीसीनं जाहिराती नाहीत म्हणून फट बुजवली, पण तिच्यासाठी चढवलेलं संगीत तसंच राहिलं. जसं 'मॅश'मध्ये हसू काढलं आणि थांबणं राहिलं. तिथं रिकाम्या जागेला कारुण्य चिकटलं. इथं नुसता धाप लागलेला नाट्यमयपणा, जो बाईंना बेहद्द आवडतो.

गोळी झाडली मेव्हणी क्रिस्टिननं. खोलीत एकदम सगळे बोलू लागतात. प्रत्येकाला ते आधीच माहीत होतं.

अमेरिकेत काल सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी हा भाग पाहिला. ब्रिटनमध्ये आज २ कोटींहून अधिक. तिकडची लोकसंख्या तेव्हा साडेबावीस कोटींच्या आसपास, इकडची साडेपाच कोटींच्या वर. भागाकार करून बघा: दोन्हीकडे साधारण आठ माणसांमागे तीन. परवाना भरणारे आणि जाहिराती सोसणारे, छत्रीवाले आणि काउबॉय टोपीवाले, अगदी तोलून मापून सारखेच.

फरक दिसतो तो पुढच्या मिनिटात. कार्यक्रम संपतो, बाई उठतात, स्वयंपाकघरात जाऊन विजेच्या केटलचं बटण दाबतात. पलीकडच्या घरातही कुणीतरी दाबतं. त्याच्या पलीकडेही. जाहिराती नसल्यानं तासभर कुणी जागचं हललेलं नसतं, त्यामुळे देशाला चहाची तल्लफ एकाच क्षणी येते. वीजवाहिन्यांचा कारभार पाहणारे अभियंते म्हणून टीव्हीचं वेळापत्रक समोर ठेवून बसतात. मालिकेची नावं पुढं सरकू लागली की ते जादा वीज सज्ज ठेवतात. ४ जुलै १९९०ला विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरलं, तेव्हा सामना संपताक्षणी विजेची मागणी २,८०० मेगावॅटनं उसळली. दुःखातसुद्धा चहा.

उरलेले मुक्काम झटपट करू. १९८३, अमेरिका, एबीसी: 'फॉल्टी टॉवर्स'ची नक्कल 'अमँडाज' नावानं लागलीय. हॉटेल आहे, आगाऊ गिऱ्हाइकं आहेत, फक्त बेसिल नाही. तो गाळून मालकीण बाई ठेवलीय. मालिका काही महिन्यांत गुंडाळली जाते. विठोबाला वगळून वारी काढल्यावर दुसरं काय होणार?

२००१, लंडनजवळचं स्लाव, 'द ऑफिस': कागद विकणाऱ्या कचेरीतला साहेब डेव्हिड ब्रेंट, ज्याच्याकडे बघवत नाही. दोन छोटे मोसम आणि नाताळचे दोन भाग धरून चौदा. २००५, पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन: पहिला भाग जवळजवळ शब्दशः उचललेला, आणि अमेरिकन प्रेक्षक जागेवर आकसून बसलेला. मग दुसऱ्या मोसमापासून लेखकांनी साहेबाच्या अंगात हळूहळू माया भरली. मायकल स्कॉट मूर्खच राहिला, पण माणसांसाठी तळमळणारा मूर्ख. २०१ भाग. आर्चीचंच पुन्हा झालं, फक्त या वेळी कुणी हसू चिकटवलं नाही. कॅमेऱ्याकडे टाकलेला एक कटाक्ष त्याचं काम करू लागला.

माझं मत विचारलंत तर ब्रेंटचे चौदा भाग मी एकदाच पाहीन आणि विसरणार नाही. मायकलचे भाग आजारपणात, अंथरुणात पडल्या पडल्या, कुठूनही लावीन. 'डलास' मला आवडत नाही, पण ते बाईंना आवडलं यात मला त्यांचा काही कमीपणा दिसत नाही. आणि 'मॅश' मी बीबीसीच्या बाजूनं पाहतो.

तुम्हालाही ते करता येईल. 'मॅश'च्या डीव्हीडीवर हसू बंद करायची सोय दिलेली आहे. कुठलाही एक भाग काढा, आधी हसू बंद ठेवून पाहा, मग लगेच तोच भाग हसू चालू करून पाहा. क्रम उलटा करू नका. एकदा ती माणसं हसताना ऐकलीत की त्या तंबूतली शांतता पुन्हा ऐकू येत नाही.